झाकलेल्या वाट्या

“…आणि म्हणे, गुरुजींनी दरबाराच्या नाक्याला भोक पाडलं, आता त्यातून…” एवढंच भिंतीपलीकडून कानावर आलं; पुढचं कुकरच्या शिटीनं गिळलं. अर्धी बातमी पोटात ठेवून कुणाला चैन पडतं? चौकशी केली, ती अशी.

एकदा एक म्हातारे गुरुजी आमच्या नगरात राहायला आले. नगर नदीकाठचं, धुक्यात तरंगत असल्यासारखं. घरोघरी मोबाईल, आणि तरीही गादीवर राजा. बाहेर जाणारा प्रत्येक संदेश एका नाक्यावरून जाई. तिथले पहारेकरी तो वाचत. दरबाराला न रुचणारा शब्द दिसला, की संदेश दवासारखा तिथेच विरून जाई.

त्या वर्षी राजाच्या रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी नदीत उतरलं. पाणी सकाळी जांभळं, संध्याकाळी केशरी दिसू लागलं. दरबारानं हुकूम काढला, ‘पाण्याविषयी कुणी बोलू नये.’

गुरुजींच्या एका शिष्येची धाकटी बहीण नदीच्या खालच्या अंगाला नांदत होती. तिला दिवस गेलेले. तिथवर पोचेतो रंग निवळे, विष तेवढं उरे. मधला घाट कोसळलेला, त्यामुळे पायी जाणंही नाही. शिष्येनं मोबाईलवरून कळवलं, ‘नदीचं पाणी पिऊ नकोस.’ निरोप विरला. मग गुरुजींनी शिकवलेलं कुलूप लावून पाठवला; ते फक्त बहिणीच्याच मोबाईलवर उघडलं असतं. तोही अडला.

“कुलूप पक्कं होतं, गुरुजी! मग अडलं कसं?” ती रडवेली झाली.

गुरुजींनी चपला घातल्या आणि ते दारोदार निघाले. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तेच कुलूप बसवून देत म्हणाले, “आजपासून जे काही पाठवाल, ते कुलूप लावून पाठवा. आणि दुसऱ्याचा निरोप तुमच्याकडे आला, तर न उघडता पुढे जाऊ द्या.”

“न उघडता?” गल्लीतल्या हौसाक्का म्हणाल्या. “हे जरा जड जाईल हो. आणि माझ्या चकलीच्या भाजणीत असं काय गुपित आहे?”

“काही नाही, अक्का. म्हणूनच तर तुमच्याकडे आलो.”

दुपारपर्यंत भाजणीची प्रमाणं, जावयाच्या कागाळ्या, अंगाई, शिळी भांडणं, सारं कुलूपबंद होऊन या घरातून त्या घरात आणि तिथून नाक्याकडे तरंगत निघालं. शिष्येचा मात्र संयम सुटला. “तिकडे बहिणीचा जीव टांगणीला, आणि तुम्ही भाजण्या गोळा करताय!”

गुरुजी पायरीवर टेकले. “पोरी, आडदिवशी एकच बाई झाकलेली वाटी घेऊन गल्लीतून गेली, तर चौघीजणी विचारतात, ‘काय गं, काय नेतेस?’ सणाच्या दिवशी मात्र गल्लीभर झाकलेल्या वाट्या हिंडतात. तेव्हा कोण कुणाला विचारतं? तुझं कुलूप कच्चं नव्हतं. ते एकटं होतं. आता सगळ्याच वाट्या झाकल्या आहेत. पहारेकऱ्यांनी सगळ्या अडवायच्या म्हटल्या, तर दरबाराची खरेदी-विक्रीही त्याच वाटेनं चालते, तीही बुडेल. ज्याच्यापाशी लपवण्यासारखं काही नाही, त्यानंही वाटी झाकून न्यावी. शेजारणीला आडोसा होतो.”

शिष्येनं निरोप पुन्हा लिहिला, कुलूप लावलं आणि हौसाक्कांच्या मोबाईलवरून सोडून दिला. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते.

दिवेलागणीला उत्तर आलं. ‘ताई, हंडे ओतून दिले. झऱ्याचं पाणी आणायला सुरुवात केली. शेजारच्या घरांनाही सांगितलं. इतके दिवस तू गप्प का होतीस?’

शिष्या गुरुजींकडे बघून हसली. पुढे काही विचारावंसं तिला वाटलं नाही.

आणि नाक्याचं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन बघून आले. भोक कुठेच नव्हतं. भिंत धडधाकट उभी होती. पहारेकरी तेवढे कुलूपबंद निरोपांच्या ढिगापुढे बसून एकमेकांना विचारत होते, “ह्यातला कुठला अडवायचा?”