टिचकीचा दगड आणि ट्रकची डिस्क

घाटाच्या चढावर होतं एक गॅरेज. गॅरेजपाशी एक दगड. दगडाखाली टिचकीचं घर. टिचकी म्हणजे एवढुश्शी बेडकी.

एकदा आला ट्रक. घर्र घर्र! पोटात विटाच विटा.

ड्रायव्हर ओरडला, "उस्मानभाई, गाडी मागं येतेय! दगड लावा, दगड!"

उस्मान मिस्त्री धावला. त्यानं टिचकीचा दगड उचलला. चाकामागे लावला. धप्प! ट्रक थांबला.

पण टिचकीचं छप्परच गेलं! वरून ऊन. चट चट चट! टिचकीचं अंग सुकायला लागलं.

टिचकी निघाली ट्रककडे. टुप टुप टुप.

"ट्रकदादा, माझा दगड दे!"

ट्रक म्हणाला, "दगड दिला तर मी मागे जाईन. गडगडगड! माझे ब्रेक झिजलेत. मला काय सांगतेस? मिस्त्रीला सांग!"

टिचकी निघाली. टुप टुप टुप.

"मिस्त्रीकाका, ब्रेक बसवा!
ट्रक दगड सोडीना,
मला उन्हात राहवेना!"

मिस्त्री म्हणाला, "पॅड तर झिजलेच, डिस्कही झिजली. डिस्क म्हणजे चाकाआडचं लोखंडी ताट. पॅड त्याला धरतात गच्च, मग चाक थांबतं. दोन्ही नवी हवीत, शेठच्या दुकानातली. मला काय सांगतेस? शेठला सांग!"

टिचकी निघाली. टुप टुप टुप.

"झुंबरशेठ, डिस्क द्या, पॅड द्या!
मिस्त्री ब्रेक बसवीना,
ट्रक दगड सोडीना,
मला उन्हात राहवेना!"

शेठ म्हणाला, "कोणती देऊ? ही बशीएवढी? ही ताटलीएवढी? की ही परातीएवढी? चुकीची दिली तर ट्रक थांबायचा नाही. जुनी डिस्क आण नमुन्याला. चाक निघालं की ती दिसेल. मला काय सांगतेस? चाकाच्या नटाला सांग!"

टिचकी निघाली. टुप टुप टुप.

"नटोबा, नटोबा, हल की!
शेठ डिस्क देईना,
मिस्त्री ब्रेक बसवीना,
ट्रक दगड सोडीना,
मला उन्हात राहवेना!"

नट म्हणाला, "मी गंजलोय. कर्रर्र! मला काय सांगतेस? तेलाला सांग!"

टिचकी निघाली. टुप टुप टुप.

"तेला, तेला, बाहेर ये!
नट जागचा हलेना,
शेठ डिस्क देईना,
मिस्त्री ब्रेक बसवीना,
ट्रक दगड सोडीना,
मला उन्हात राहवेना!"

तेल म्हणालं, "बुडबुड! डब्यावर कोंबडी बसलीय. मला काय सांगतेस? कोंबडीला सांग!"

टिचकी निघाली. टुप... टुप... टुप. आता ती पार दमली होती.

"कोंबडीमावशी, ऊठ गं!
तेल डब्यातून निघेना,
नट जागचा हलेना,
शेठ डिस्क देईना,
मिस्त्री ब्रेक बसवीना,
ट्रक दगड सोडीना,
मला उन्हात राहवेना!"

कोंबडी म्हणाली, "अगो बाई! केवढं हे गाऱ्हाणं! पण मी नाही उठायची. डबा कसा छान ऊबदार आहे. मला काय सांगतेस? दुसऱ्या कुणाला सांग!"

दुसरं कुणी उरलंच नव्हतं!

टिचकीला आला राग. तिचा गळा फुगला. फुगला, फुगला, फुग्याएवढा झाला.

"डराँऽऽऽव!"

कोंबडी उडाली. फडफडफड!
तेल सांडलं नटावर. बुडबुडबुड!
नट हलला. कर्रर्र!
चाक निघालं. धप्प!
जुनी डिस्क निघाली. ठण्ण!

मिस्त्रीनं ती शेठकडे नेली. शेठनं तिच्यावर बशीएवढी ठेवून पाहिली. "छे! ही स्कूटरची." ताटलीएवढी ठेवली. "छे! ही मोटारीची." परातीएवढी ठेवली. "बरोब्बर!"

"एकच काय देता, शेठ?" मिस्त्री म्हणाला. "एका चाकाला नवी, एकाला जुनी? ट्रक तिरका पळेल की! जोडी द्या. आणि पॅडही जड गाडीचे द्या."

शेठनं जोडी दिली. मिस्त्रीनं बसवली. ठाक ठोक, ठाक ठोक!

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. गच्च! मिस्त्रीनं दगड काढला. ट्रक मागे गेला? छे! जागच्या जागी उभा.

"चला!" ड्रायव्हर म्हणाला. "पॉम पॉम!" ट्रक निघाला घाट चढायला. दगड रस्त्यातच राहिला!

टिचकीनं पुन्हा गळा फुगवला.

"नको, नको!" मिस्त्री म्हणाला. "आणतो, बाई, आणतो!"

त्यानं दगड उचलला. टिचकीच्या घरावर ठेवला.

"थोडा डावीकडे," टिचकी म्हणाली.

सरकवला.

"अजून थोडा."

सरकवला.

"हां. तिथंच!"

आणि टिचकी शिरली आत. गार गार गार!