सटवाआबाची पाळी

फार वर्षांपूर्वी, आपल्या बोरदऱ्यात घड्याळ पाहिलेला एकही माणूस नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. बंधाऱ्याचं पाणी रात्रंदिवस पाटातून चालायचं आणि रात्रीच्या पाळ्या आभाळ बघून ठरायच्या. ते आभाळ ओळखायचा सटवाआबा पाटकरी. बंधाऱ्यावर घोंगडी टाकून तो उताणा पडायचा. कृत्तिकांचा झुबका कुठे पोचला, त्याच्यामागून येणारे एका ओळीतले तीन तारे, म्हणजे आपलं तिकांडं, किती चढलं, हे सगळं त्याला गोठ्यातल्या गुरांइतकं ओळखीचं. तिकांडं माथ्यावर आलं की तो हाक द्यायचा, "पाणी फिरवा रे!" मग एकाची पाळी संपायची आणि दुसऱ्याची लागायची. असं म्हणतात, त्या हाकेसरशी पाणी आपणहून वळायचं.

एका पौषात आभाळ गच्च भरून आलं. एक चांदणी दिसेना. तरी आबाने हाक दिली. पाळी संपली मुकिंदाची आणि लागली आबाच्या सख्ख्या बहिणीची. मुकिंदाचा निम्मा गहू कोरडाच होता. तो तणतणत बंधाऱ्यावर आला.

"आबा, एवढ्या ढगात तिकांडं कुठं दिसलं तुमाला? का बहिणीच्या वावरात उगवलं?"

"दिसत न्हाई म्हणून ते चालायचं थांबलंय व्हय?" आबा म्हणाला.

आरडाओरडा ऐकून गाव जमला. आबाच्या बाजूने एकजणही बोलला नाही. सांगतानाही लाज वाटते, कारण ती माणसं म्हणजे आपलेच खापरपणजोबा.

आबाने घोंगडी तिथेच ठेवली आणि डोंगराची वाट धरली. तो माळ ओलांडतोय तोच ढग फाटले. तिकांडं माथ्यावरून बोटभर कललेलं होतं. म्हणजे हाकेनंतर भांडणात गेला तेवढाच वेळ झाला होता.

मुकिंदाच आधी धावला. "आबा, चुकलं माझं! माघारी फिरा!"

आबा फिरला नाही. असं म्हणतात, दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तरी डोंगरावर तीन तारे दिसत होते. महिनाभर शोधलं, आबा सापडला नाही. मग पाळीवरून भाऊ भावावर कुऱ्हाड घेऊन धावू लागला. आभाळ ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. आबाने कुणाला शिकवलं नव्हतं, कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं.

आता मोटारी आल्या, मोबाइल आले. तरी पौषातली ती एक रात्र आपण घड्याळ बघत नाही. सगळा गाव बंधाऱ्यावर उताणा पडतो, पोराटोरांना तिकांडं दाखवतो, आणि ते माथ्यावर आलं की मुकिंदाच्या घरातलं माणूस हाक देतं. पण ढग आले तर कुणी हाक देत नाही. तेवढं आपल्याला येत नाही. अशा ढगाळ रात्री पाणी कुणाच्याच वावरात जात नाही, ओढ्याला मोकळं सोडतो. ती पाळी सटवाआबाची.