चांगा पाटकऱ्याची वाटी

डुबुक.

हा आवाज मी लहानपणी ऐकला, तो अजून कानात आहे. पाण्यात तांब्याची वाटी बुडते तेव्हा असा आवाज होतो. तो आमच्या गावात कसा आला ते सांगतो. सावकाश ऐका.

फार फार वर्षांपूर्वी घड्याळं नव्हती, बंदुका नव्हत्या, मिरचीसुद्धा या मुलखात आली नव्हती. माणसं मिठाच्या खड्याबरोबर भाकरी खायची, आणि ते मीठ बैलांच्या पाठीवरून महिना महिना चालत यायचं. संध्याकाळी वेशीचं दार लागलं की जग तिथंच संपायचं.

नदीच्या बंधाऱ्यातून पाट निघायचा, आणि त्याचं पाणी शेतांना वाटून द्यायला चांगा पाटकरी होता. त्याला स्वतःचं वीतभर शेत नव्हतं. त्याच्याजवळ होती एक वाटी, बुडाला सुईएवढं भोक असलेली. ती घंगाळातल्या पाण्यावर ठेवायची. हळूहळू भरून ती बुडाली की एकाची पाळी संपली. ज्याची पाळी त्यानेच वाटी ठेवायची, त्यानेच काढायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, चांगानेही नाही. ती वाटी कधी खोटं बोलली नाही, असं म्हणतात.

एका वर्षी नदी आटली. गहू ओंबीत आलेला. पाट एकच दिवस सोडायचा, दिवस मावळला की बंद, असं ठरलं. देमाई एकटी बाई, पाटाच्या टोकाला तिचं एवढंसं शेत, म्हणून तिची पाळी शेवटची. त्या दिवशी पाणी मिळालं नाही तर तिचं वर्ष गेलं.

तिच्या आधी पदाजी पाटलांची पाळी. त्यांनी वाटी ठेवताना भोकाला हळूच मेण लावलं. थोडंच लावायचं होतं, पण जरा जास्त लागलं. वाटी तरंगत राहिली.

सूर्य निंबाच्या माथ्यावर आला आणि तिथंच थांबला. वाटी बुडाल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही सवय आभाळालाही लागली होती, असं म्हणतात. सावल्या हलेनात, गुरं घराकडे वळेनात. एका म्हातारीने तेवढ्यात तीनदा भाकऱ्या भाजल्या, तरी दुपार संपेना.

देमाईने विचारलं, "चांगादादा, वाटी का बुडंना?"

"बुडंल, बाई. ज्यानं ठेवली तो बघंल."

पाटील बांधावरून हसले. "आज तुझी वाटी फार निवांत आहे, चांगा."

"पाणी तुमचंच आहे, पाटील. घ्या पोटभर. मी बसलोय."

पाणी येतच राहिलं. घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. पाटलांचा गहू लवला, आडवा होऊ लागला. शेवटी पाटील चिखल तुडवत आले, सगळ्यांदेखत वाटी उलटी केली, नखाने मेण खरवडलं आणि पुन्हा ठेवली.

डुबुक.

सूर्य हलला. देमाईचं शेत भिजेपर्यंत मात्र तो रमतगमत गेला, असं म्हणतात.

चांगा एवढंच म्हणाला, "पुढच्या खेपेला टोकाकडून सुरुवात करू."

आता ज्याच्या त्याच्या मनगटावर घड्याळ आहे. तरी पाट सुटतो त्या सकाळी आम्ही घंगाळ मांडतो. पहिली वाटी टोकाच्या शेताची, चांगाच्या नावाची. ती ठेवायला पाटलांच्या घरचं थोरलं माणूस येतं. आधी नखाने बुड खरवडतं, मग वाटी पाण्यावर ठेवतं. आम्ही हसू दाबून उभे असतो. डुबुक झालं की ते माणूस धोतराला हात पुसतं आणि घराकडे चालू लागतं.