पाट संपतो तिथला दगड

धामणदरीला येणारी माणसं बंधारा बघतात, फोटो काढतात आणि तिथूनच परत फिरतात. पण पाटाच्या कडेने खाली चालत गेलं, तर शेवटच्या वाडीपाशी एक बसका काळा दगड लागतो. पाण्याची टंचाई आली की पाटाचा निवाडा त्याच दगडावर बसून करतात. बंधाऱ्यावर नाही, देवळातही नाही. बसा घडीभर, सांगते.

फार मागची गोष्ट. हैबतराव देशमुखांच्या अमलात लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, असे सांगतात. देशमुख काही दुष्ट नव्हते हो. त्यांनी पंचांना जमवून विचार केला. पाणी वाडीपर्यंत सोडलं, तर निम्मं वाटेतली जमीनच पिते. वाडीच्या वर पाटात बांध घालून पाणी अडवलं, तर वरच्या चार गावांचं पीक तरतं. मग त्यातलं धान्य वाडीला द्यायचं, म्हणजे तिचंही नुकसान भरून निघेल. पंचांनी माना डोलावल्या आणि पाटात बांध पडला.

देशमुखांच्या पत्नी मथुराबाईंचे सोळा सोमवार चालू होते. पिंडीवर पाणी घालताना त्यांचा हात म्हणे मध्येच थांबला. तशाच उठून त्या नवऱ्याकडे गेल्या.

"धान्य येईल सुगीनंतर. तोवर वाडीनं प्यायचं काय?"

"ओढ्यात खणलेला त्यांचा झिरा आहे की. आणि यात माझं काय? हिशेबच तसा निघाला."

मथुराबाईंनी महादेवासमोर संकल्प सोडला : पाट सुटेपर्यंत वाडीचंच पाणी पिईन. भरलेला तांब्या घेऊन त्या चालत वाडीत आल्या. झिऱ्यावर धुरपदा नावाची बाई वाटीवाटीने गढूळ पाणी उपसत होती.

"देव्हाऱ्यातलं तीर्थ सोडून आमचा चिखल गोड लागंल का, बाईसाहेब?" ती म्हणाली.

मथुराबाईंनी तांब्या तिच्या तापलेल्या लेकीच्या तोंडाला लावला आणि स्वतः झिऱ्याचं पाणी प्यायल्या.

त्या गढूळ पाण्याने वाडीत आधी म्हातारी माणसं गेली. मग लेकरं जाऊ लागली. धुरपदेची लेक मथुराबाईंच्या मांडीवरच गेली. वरच्या चार गावांत मात्र ज्वारी कमरेला लागत होती. हिशेब चुकला नव्हता, हेच मथुराबाईंना सोसवेना. झिऱ्याच्या पाण्याने त्यांनीही अंथरूण धरलं.

तेव्हा देशमुख मेणा आणि स्वच्छ पाण्याची घागर घेऊन धावत आले. मथुराबाईंनी घागरीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाटाकडेच्या दगडाकडे बोट करून त्या म्हणाल्या, "पाट अडवताना जे बोललात, ते इथं बसून बोला. धुरपदेकडे बघून."

देशमुख बसले. "हिशेब असा निघाला, की..." एवढंच बोलले आणि अडखळले.

"हिशेबाला माझी पोर कशाला हवी होती, देशमुख?" धुरपदा म्हणाली. "बांध तर माणसांनी घातला."

देशमुखांनी मान वर करून धुरपदेकडे पाहिलं. "चार गावं वाचावीत म्हणून मी तुम्हाला मरू दिलं. हिशेबानं नाही, मी निवडलं."

मग स्वतः फावडं घेऊन त्यांनी पाटातला बांध फोडला. पाणी वाडीत पोहोचलं, तोवर मथुराबाईंनी डोळे मिटले होते. वरच्या गावांतली कितीतरी शेतं त्या साली करपली. तिथेही चुली विझल्या, पण वाडीला कुणी बोल लावला नाही, असे म्हणतात.

आजही टंचाईच्या साली पाणी वाटणाऱ्या प्रमुखाला या दगडावर बसून आधी वाडीचं पाणी प्यावं लागतं. मग ज्यांना पाणी मिळणार नाही, त्यांच्याकडे बघून आपला निर्णय स्वतःच्या तोंडाने सांगावा लागतो. इथे बसल्यावर पुष्कळांचं मन पालटतं, माझ्या महादेवाची कृपा. पण दर वेळी नाही. कधी कधी पाट बंद करावाच लागतो.

गेल्या उन्हाळ्यात नवा प्रमुख इथे बसला होता. चांगला शिकलेला, भला मुलगा. पाणी प्यायला आणि मान खाली घालून गप्पच राहिला. शेवटी वाडीतलीच एक म्हातारी पुढे सरकली आणि म्हणाली, "बोल बाबा. आम्ही ऐकायलाच बसलोय."