उजेड शाखा

ज्या ताईला अंधारात उंदराची मिशीसुद्धा दिसायची, तिला उजेड शाखेत का घातलं? हे मी सगळ्यांना विचारत फिरलो.

जंगलात शाळा नवीनच निघाली होती, त्या काळातली ही गोष्ट. आम्ही घुबडं. मी शाळा लवकर सोडली, ताई मात्र दहावीत पहिली आली. कलचाचणीत तिचा कल अंधाराकडे निघाला.

मुख्याध्यापक कावळे सर हसले. "अगं, एवढे मार्क पडल्यावर अंधार? तो वटवाघळांच्या पोरांना ठेवलाय."

"पण सर, मला उन्हात दिसत नाही."

"क्लास लाव, दिसेल."

आईने झाडभर पेढे वाटले.

पहिल्याच प्रात्यक्षिकाला, भर दुपारी, ताई उडाली आणि सागाच्या खोडावर आदळून मेली. सर म्हणाले, "हुशार होती. सराव कमी पडला."

मी त्यांच्या अंगावर धावून गेलो, तर सगळ्यांनी मला अडाणी म्हणून मागे ओढलं.

ताई पडली होती तिथे कडक ऊन होतं. मी चाचपडत तिच्यापाशी गेलो, पंख पसरून तिच्या डोळ्यांवर सावली धरली आणि दिवस मावळेपर्यंत कुणालाही तिला हात लावू दिला नाही.