पाणीपाळीच्या दिवसाचे गाव

एकदा एक वृद्ध वैद्य एका अनोळखी गावात, पाटाच्या काठी, कपाळाला हात लावून बसले होते. पायात काटा मोडला नव्हता की अंगात ताप नव्हता. त्यांचा शिष्य पुन्हा एकदा एका गावाच्या प्रेमात पडला होता.

शिष्याचे नाव नीलकंठ. मुलगा गुणी होता. नाडी बघताना बोट कुठे ठेवावे हे त्याला सांगावे लागत नसे, आणि चिडक्या रोग्याशी तो अशा मऊपणे बोले की कडू काढासुद्धा घशाखाली उतरे. दोष एवढाच, की प्रवासात जिथे म्हणून पाठ टेकावी, तिथे त्याचा जीव जडे. डोंगरावर हिरड्याची दाट झाडी पाहिली की, "गुरुजी, इथेच एक झोपडी बांधू या." घाटाखालच्या बाजारगावात फुलांची गल्ली पाहिली की, "माणसाने राहावे तर असल्या गावात." पुढच्या मुक्कामी मागच्याचे नाव विचारले तर त्याला आठवत नसे. गुरुजींनी 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण त्याला इतक्या वेळा ऐकवली होती, की अलीकडे त्यांनी 'दुरून' म्हणताच तो विनयाने 'डोंगर साजरे' म्हणून मोकळा होई आणि पुन्हा डोंगराकडे पाहत बसे. अशा माणसापुढे कोणी काय बोलावे?

गुरुजींना घाई होती, आणि तिला कारण होते. त्यांची जवळची नजर मंदावली होती. वाळलेली मुळी आता वासावरून ओळखावी लागे, आणि वैद्याने वासावर विसंबून औषध देणे बरे नव्हे. घरी ओसरीवर रोगी माणसे त्यांची वाट पाहत असत. या फेरीत राहिलेल्या वनस्पती नीलकंठाला दाखवायच्या, परत जायचे आणि त्याला त्या ओसरीवर बसवायचे, एवढेच त्यांच्या मनात होते. आयुष्यभराची विद्या घेणारा हा एकच शिष्य होता. तो वाटेत कुठे रुतला, तर ती ओसरी रिकामी पडणार होती.

आणि आता हे गाव. नदीला बांध घालून काढलेला पाट आळीआळीतून फिरत शेतांकडे गेलेला. पाणी एकाच वेळी सगळ्यांना पुरत नसे, म्हणून ज्याच्या त्याच्या पाळीने मिळे. पाळी सांभाळणारा पाटकरी म्हणजे कोंडाजी. त्याच्याच पडवीत गुरुशिष्यांचा मुक्काम होता. गावाची एक रीत होती. ज्या घराची पाण्याची पाळी, त्या घरी त्या दिवशी गावचा पाहुणा जेवायचा. रोज नवे घर, रोज नवे ताट, नवी रांगोळी. यजमान हसतमुख, पोरे आनंदात, म्हातारी पुन्हापुन्हा वाढणारी.

"गुरुजी," नीलकंठ सद्गदित होऊन म्हणाला होता, "या गावात एकही दुर्मुखलेले घर नाही. इथे जिकडे तिकडे समाधान आहे. आपण पुढे जावे. मी इथेच राहणार."

"बाजारगावातही राहणार होतास."

"ते वेगळे होते."

"डोंगरावर?"

"तेही वेगळे होते. गुरुजी, या वेळी खरेच."

दर वेळी 'या वेळी खरेच' होते. म्हणूनच गुरुजी कपाळाला हात लावून बसले होते. शेवटी ते उठले आणि तडक कोंडाजीकडे गेले.

"कोंडाजी, एक काम करा. उद्यापासून माझ्या शिष्याला पाहुणा म्हणू नका. ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्याकडे त्याला जेवायला पाठवू नका. ज्याची पाळी बुडाली आहे, त्याच्या घरी पाठवा. आणि गावातल्या पोराला जसे बोलता, तसे बोला. शिव्या आल्या तर गिळू नका."

कोंडाजी बघतच राहिला. "बाबा, काय बोलताय हे? पाव्हण्याला शिव्या? गावाची अब्रू जाईल."

"गावाची अब्रू जाऊ द्या, माझा शिष्य वाचेल."

"तुम्ही थोर माणसं. पण मला हे काय पटंना." कोंडाजी पुटपुटत राहिला. तरी वैद्याचा शब्द मोडवेना, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने नीलकंठाला पाटाच्या पार शेपटाला, जिथे पाणी सर्वांत शेवटी पोचते तिथे, रंगूबाईच्या घरी पाठवले.

रंगूबाईच्या शेताला पाळी होती, पण पाणी नव्हते. वरच्या अंगाचा हणमा आपली पाळी नसतानाही पाटाचा काठ फोडून पाणी वळवी, आणि शेपटापर्यंत ओला चिखल तेवढा पोचे. नीलकंठ दारात जाऊन नेहमीसारखा प्रसन्न हसला. रंगूबाईने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"जेवायला आलायस व्हय? भाकरी हाय, चटणी हाय. कोरड्यास, कालवण काय न्हाई. आन् खाऊन झाल्यावर दात कोरत बसू नगं. पाटात गाळ साठलाय, तो काढायला चल."

"मी... मी पाहुणा आहे, मावशी."

"किती दिवसांचा?"

नीलकंठ हात धुऊन बसला. त्याने भाकरी खाल्ली आणि गाळ काढला. संध्याकाळी परतला तेव्हा कंबरेपासून खाली त्याचा रंग ओळखू येत नव्हता. पडवीत येताच तो चरफडत पाय घासू लागला. गुरुजींना मनातून गुदगुल्या झाल्या. नव्याचे नऊ दिवस संपले, असे त्यांना वाटले.

पुढचे दिवस तसेच गेले. 'पाव्हणं, बसा' म्हणणारे आता 'ए निळ्या, टोपली धर' म्हणू लागले. कोणाची भावकी कोणाशी बोलत नाही, देवळाचा कळस कोणामुळे अर्धा राहिला, कोणाच्या लग्नात कोण रुसून गेले, हे सगळे त्याच्या कानावर येऊ लागले. पाहुण्याला हे कधी कोणी सांगत नाही. नीलकंठ रात्री अंथरुणावर पडून चडफडे. "कसली माणसं आहेत ही! एकाला दुसऱ्याचं पडलेलं नाही!" गुरुजी अंधारात हसत आणि कूस बदलत. एका संध्याकाळी त्यांनी हलकेच सांगून टाकले, "उद्या सकाळी निघू." नीलकंठ फावड्याची माती खरवडत राहिला. गुरुजींनी तो होकार धरला.

सकाळी गाठोडी बांधून झाली आणि शिष्याचा पत्ता नव्हता. गुरुजींचा संताप अनावर झाला. निघायच्या वेळी हा असा गायब! कोंडाजीला बरोबर घेऊन, काठी टेकत, ते पाटाच्या कडेने शोधत निघाले. वरच्या अंगाला गलका ऐकू आला.

नीलकंठ गुडघाभर चिखलात उभा होता. हातात फावडे. समोर हणमा, पाटाचा काठ नुकताच फोडलेला.

"आपल्या शेपटाला थेंब पोचत नाही, आणि तू पाळी नसताना ऊस भिजवतोस?"

"आपल्या?" हणमा खेकसला. "काल आलास, आज भाकऱ्या मोडतोस, आन् मला पाळी शिकवतोस?"

"काल आलो तर काय झालं? गाळ काढताना नाही विचारलंस मी कधी आलो ते!"

"नीलकंठा," गुरुजींनी हाक मारली, "निघायचे आहे. गाठोडी बांधली."

नीलकंठाने वळून पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर प्रसन्नता नव्हती, भक्ती नव्हती, नुसता वैताग होता. "आत्ता? गुरुजी, आत्ता कसा येऊ? मी पाठ फिरवली की हा पुन्हा काठ फोडील. काही खरं नाही या गावाचं!" आणि तो पुन्हा माती लोटू लागला.

गुरुजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मग तिथेच बांधावर बसले. त्यांना हसू येत होते आणि वाईटही वाटत होते, दोन्ही एकदमच.

कोंडाजी ओशाळला. "बाबा, तुमचं ऐकून आमी त्याला गावाचं नको ते दाखवलं. त्यानं तो वाचंल असं तुमीच म्हणाला हुता. आता हे काय झालं?"

"झाले ते बरोबरच झाले, कोंडाजी. मी चुकलो," गुरुजी म्हणाले. "त्याने तुमचे प्रत्येक घर त्याच्या पाळीच्या दिवशी पाहिले होते. पाणी आलेल्या दिवशी कोणाचे घर हसत नाही? मला वाटले, पाळी बुडालेले घर दाखवले की याचे प्रेम आटेल. आजवर प्रत्येक ठिकाणी तसेच झाले असते. डोंगराची त्याने स्तुती केली आणि दुसऱ्या दिवशी तो डोंगर विसरला. स्तुती पाहुणा करतो. तिला काही लागत नाही. या गावाची त्याला आता चीड येते, आणि तरी पाय निघत नाही. ज्या जागेवर माणूस असा वैतागतो आणि तरी फावडे खाली ठेवत नाही, ती त्याची जागा. तिथून त्याला उचलून नेणारा मी कोण?"

कोंडाजी वाकून काठावरची माती थापू लागला. मग खाली बघत म्हणाला, "बाबा, राग मानू नका. पण तुमी आल्यापासनं बघतोय. दिसरात त्या पोरावर चिडताय. 'हात टेकले, हात टेकले' म्हणताय. पर त्याला टाकून तुमी काय गेला न्हाई."

घरच्या रिकाम्या ओसरीचा विचार गुरुजींच्या मनात आला. पण चिखलातल्या त्या मुलाकडे पाहून त्यांना एवढे कळले, की विद्या ओसरीला दिलेली नसते, माणसाला दिलेली असते. या गावातही ताप येतो, या गावातही पोरे खोकतात.

दुपारी फुटका काठ बांधून झाल्यावर नीलकंठ गुरुजींना वेशीपर्यंत पोचवायला निघाला. वाटभर गुरुजी त्याच्यावर बरसत होते. मुळ्या उन्हात वाळवू नकोस, सावलीत वाळव. काढा तांब्याच्या भांड्यात उकळू नकोस. रंगूबाईच्या गुडघ्यांना तेल लावायला सांग, तुला सुचले कसे नाही? त्या हणम्याच्या डोळ्यांत पिवळेपणा आहे, भांडताना बघितलास का? नाहीच बघितला असणार! नीलकंठ मान खाली घालून प्रत्येक शब्द घेत होता. वेस आली तरी गुरुजींचे रागावणे संपले नव्हते. ते संपेपर्यंत दोघेही तिथेच उभे राहिले.

प्रवासात एखादे गाव तुम्हाला फार आवडले, तर तिथे कशाची चीड आली ते आधी आठवून पाहावे. काहीच आठवत नसेल, तर यजमानांचे आभार मानावेत आणि आपल्या घरी जावे. तिथे एखादा पाट नक्की फुटलेला असेल.