दोन बोटं पाऊस

फार पूर्वी एका राज्यात, सर्वांत उंच डोंगरावर पाऊस मोजणारा एक माणूस राहत असे. तिथं कड्यावर तांब्याचं भांडं ठेवलेलं होतं. रोज सकाळी भांड्यात किती बोटं पाणी साठलंय ते बघायचं आणि तितके ठोके नगाऱ्यावर द्यायचे, भांडं कोरडं असलं तर नगाऱ्याची नुसती कड वाजवायची, एवढंच त्याचं काम.

खाली नदीकाठच्या गावात एक जाणती म्हातारी ते ठोके मोजी. डोंगरावर किती पाऊस झाला की नदी कुठवर चढते, हे तिनं चाळीस वर्षं टिपून ठेवलं होतं. नदीच्या वाळूत आठवड्याचा बाजार भरवायचा की नाही, हे तीच सांगे. "भरू द्या," म्हणाली की स्वतःही वाळूत जाऊन बसे.

एकदा बाजाराच्या दिवशी सकाळी डोंगरावर धो धो पाऊस होता.

"अहो, भांडं बघून आलात का?" पाऊस मोजणाऱ्याला त्याच्या बायकोनं विचारलं.

"काल दोन बोटं, परवा दोन बोटं. आज काय आभाळ फाटणार आहे?" असं म्हणून त्यानं ओसरीवरूनच दोन ठोके दिले. आळस कसा गोड बोलून गळा कापतो बघा!

खाली लोक म्हणाले, "आजी, डोंगर काळा दिसतोय. बाजार मांडायचा ना?"

"इथून तो नेहमीच काळा दिसतो. वरचा माणूस भांड्यात बघून सांगतो, बाबांनो. भरू द्या," म्हातारी म्हणाली आणि वाळूत जाऊन बसली.

दुपारी पाऊस ओसरल्यावर तो माणूस कड्यावर गेला. भांडं भरून वाहत होतं. धावत येऊन तो नगारा बडवत सुटला, हात सोलून निघाले तरी थांबला नाही. पण लोंढा केव्हाच खाली पोचला होता. म्हातारीनं पोराबाळांना आधी काठावर चढवलं. तिला स्वतःला चढता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो आपणहून राणीपुढे उभा राहिला. "मला शिक्षा करा, राणीसाहेब. मी भांडं बघितलंच नव्हतं. तसं कळवायची लाज वाटली, म्हणून दोन ठोके दिले."

राणी म्हणाली, "ज्या दिवशी नगारा वाजत नसे, त्या दिवशी ती बाजार भरू देत नसे. तू नुसता गप्प बसला असतास, तरी ती आज जिवंत असती."

तो माणूस तिथंच खाली बसून ढसाढसा रडला. राणीनं त्याला दुसरी शिक्षा दिली नाही.

तात्पर्य: 'मी पाहिलं नाही' असं सांगताना आपली मान खाली जाते, पण न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगितलं, तर विश्वास ठेवणाऱ्याचा जीव जातो.